स्वतःचा ईसीयू बनवायचाय? मग चिप सगळ्यात शेवटी निवडा

ईसीयू, म्हणजे इंजिनचं पेट्रोल आणि स्पार्क सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर, स्वतः बनवायचा म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, बोर्ड कुठला घेऊ? अर्डुइनो मेगा पुरेल का, एसटीएम३२ घेऊ का, रास्पबेरी पाय घरात पडलाय तो चालेल का, आणि मग कोणीतरी सांगतंच की सरळ ४८० मेगाहर्ट्झवाला घे, पुढची कटकट नको. माझं मत विचाराल तर मेगाहर्ट्झ हा आकडा या कामात बराच खाली येतो. आधी इंजिन, मग त्याला लागणाऱ्या तारा, मग त्या तारांच्या टोकाला बसणारं ड्रायव्हर सर्किट, पॉवर सप्लाय, आणि हे सगळं कागदावर आलं की चिप जवळजवळ आपोआप ठरते.

हवेत बोलण्यापेक्षा एक इंजिन धरू. कार्ब्युरेटरवाल्या जुन्या जिप्सीचं १.३ लिटरचं, १२९८ सीसी, चार सिलिंडर. रॅलीवाल्यांकडे, फार्महाउसवर, गॅरेजच्या मागच्या कोपऱ्यात अशी इंजिनं अजून सापडतात आणि त्यात आत जायला जागा भरपूर आहे. याला इंजेक्शन आणि कॉइल-ऑन-प्लग (प्रत्येक स्पार्क प्लगवर स्वतंत्र कॉइल) करायचंय. (रस्त्यावरच्या गाडीवर हे प्रयोग नकोत बरं का, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळे बदल करू देत नाही, त्यामुळे बेंचवरचं इंजिन, ट्रॅकची गाडी, कॉलेजची फॉर्म्युला स्टुडंट गाडी, असलंच काहीतरी धरून चला.)

आता एक कागद घ्या आणि मोजा. इंजेक्टर चार, कॉइल चार, झाले आठ आउटपुट जे मायक्रोसेकंदाच्या हिशोबाने चालू-बंद व्हायला पाहिजेत. फ्युएल पंप रिले, फॅन रिले, आयडल व्हॉल्व्ह, टॅकोमीटर, हे चार निवांत आउटपुट, पाच मिलिसेकंद इकडेतिकडे झाले तरी कोणाला कळत नाही. इनपुटमध्ये क्रँक आणि कॅम शाफ्टचे सेन्सर हे दोन घाईचे. बाकी अॅनालॉग: मॅप सेन्सर (इनटेकमधला दाब), थ्रॉटल पोझिशन, कूलंट, हवेचं तापमान, लॅम्डा (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन), आणि बॅटरी व्होल्टेज. शेवटचं लोक हमखास विसरतात, पण इंजेक्टर उघडायला किती वेळ घेतो हे बॅटरीवर अवलंबून असतं, व्होल्टेज पडलं की इंजेक्टर उशिरा उघडतो, ती भर घातली नाही तर हेडलाइट लावल्यावर मिक्श्चर लीन होतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं, आणि माणूस मॅप (इथे सेन्सर नव्हे, इंधन-स्पार्कचा तक्ता) ट्यून करत बसतो. त्यावर दोन-तीन जागा मोकळ्या ठेवा, फ्युएल प्रेशर, ऑइल प्रेशर हे पुढे लागतंच.

म्हणजे आठ घाईचे आउटपुट, दोन घाईचे इनपुट, सहा ते नऊ अॅनालॉग. हा कागद हातात असला की दुकानदार काय विकतोय याचा फरक पडत नाही.

घाईचे म्हणजे किती घाईचे, हे एकदा आकड्यात बघू कारण इथेच सगळा गोंधळ आहे. ६००० आरपीएमला क्रँक सेकंदाला १०० वेळा फिरतो. म्हणजे एक डिग्री साधारण २८ मायक्रोसेकंदांची. क्रँकवर ६०-२ चं दातेरी चाक (६० दातांतले दोन गाळलेले, म्हणजे फेरा कुठे सुरू होतो ते कळतं) लावलं तर दर १६७ मायक्रोसेकंदाला एक दात, ३६-१ लावलं तर दर २७८ ला. स्पार्क अर्ध्या डिग्रीच्या आत पडायला हवा असेल तर तुमच्याकडे १४ मायक्रोसेकंदांची मुभा आहे. आता साध्या लिनक्सवर चालणारा रास्पबेरी पाय घ्या, त्याचा प्रोसेसर कितीही तगडा असू दे, ऑपरेटिंग सिस्टिम मध्येच दुसरं काहीतरी करायला गेली आणि २०० मायक्रोसेकंदांनी परत आली तर स्पार्क ७ डिग्री उशिरा. शिवाय पायला स्वतःचा एडीसीच (अॅनालॉग व्होल्टेज आकड्यात वाचणारा भाग) नाही. तो डॅशबोर्ड आणि लॉगिंगसाठी मस्त, इंजिनसाठी नाही. विषय संपला.

याउलट १६ मेगाहर्ट्झचा, ८ बिटचा, म्हातारा अॅटमेगा२५६० हे काम करतो. स्पीडुइनो नावाचा ओपन सोर्स प्रोजेक्ट सुरुवातीपासून त्याच्यावरच उभा आहे आणि जगभर गाड्या चालतायत. कसा काय? टायमरमुळे. त्या चिपमध्ये १६ बिटचे चार टायमर आहेत आणि प्रत्येकाला तीन कंपेअर चॅनल, म्हणजे बारा. 'अमुक टिकला (टायमरच्या ठोक्याला) इंटरप्ट मार', म्हणजे चालू काम थांबवून हे कर, असं हार्डवेअरला सांगून ठेवायचं आणि सीपीयू बाकीच्या हिशोबाला मोकळा. ६४ चा प्रीस्केलर (क्लॉकला ६४ ने भागणारा) लावला तर एक टिक ४ मायक्रोसेकंदांची, म्हणजे ६००० आरपीएमला डिग्रीचा सातवा हिस्सा. चार सिलिंडरला पुरतं की. म्हणून डेटाशीट उघडली की आधी टायमरचं प्रकरण वाचा, क्लॉकचं नंतर.

मेगाची अडचण वेगळीकडे आहे. ८ केबी रॅम, फ्लोटिंग पॉइंट (दशांश गणिताचं) हार्डवेअर नाही, कॅन बस (गाडीतल्या उपकरणांना जोडणारी डेटाची लाइन) नाही, आणि सहा सिलिंडर सिक्वेन्शियल (प्रत्येक सिलिंडरला त्याच्या वेळी वेगळं इंजेक्शन) किंवा जास्त दातांचं चाक आणि वरचे आरपीएम असं एकत्र आलं की दम लागतो. अजून एक खोड, लॅपटॉपवर सिरियल पोर्ट उघडला की मेगा स्वतःला रीसेट करतो, बेंचवर ठीक आहे, चालत्या इंजिनवर नाही, त्यामुळे तो ऑटो-रीसेट बंद करून घ्यावा लागतो.

मग एसटीएम३२. आजच्या घडीला शिकायला आणि खरंच इंजिन चालवायला माझी पहिली पसंती एफ४ घराण्याला. एफ४०७ म्हणजे १६८ मेगाहर्ट्झ, १ एमबी फ्लॅश, १९२ केबी रॅम, फ्लोटिंग पॉइंट आहे, दोन कॅन कंट्रोलर आहेत, आणि टायमर तर पोतंभर, त्यातले टीआयएम२ आणि टीआयएम५ हे ३२ बिटचे. ३२ बिटचा फायदा असा की काउंटर लवकर उलटत नाही. १६ बिटचा काउंटर १ मायक्रोसेकंदाच्या टिकवर ६५ मिलिसेकंदात गुंडाळतो आणि क्रँकिंगला, म्हणजे स्टार्टर मारताना, इंजिन दोनशे आरपीएमवर रडत असताना एक फेराच ३०० मिलिसेकंदांचा असतो, म्हणजे ओव्हरफ्लो सांभाळायचा कोड तुम्हाला लिहावा लागतो. रसईएफआय हा दुसरा मोठा ओपन सोर्स प्रोजेक्ट याच चिपच्या डिस्कव्हरी नावाच्या तयार बोर्डवर वाढला. त्यांची पद्धत स्पीडुइनोपेक्षा वेगळी, प्रत्येक आउटपुटला वेगळा टायमर चॅनल देण्याऐवजी एकाच टायमरवर पुढच्या घटनांची रांग लावायची. दोन्ही पद्धती चालतात, पण रांगवाली घेणार असाल तर तुमचे इंटरप्ट शिस्तीत पाहिजेत, कोणीतरी यूएसबीच्या इंटरप्टमध्ये बसून राहिला की स्पार्क लेट.

एफ४०७ चा एक दोष सांगतो जो डेटाशीटमध्ये कोपऱ्यात असतो. फ्लॅशची एकच बँक आहे. म्हणजे मॅप सेव्ह करायला फ्लॅश पुसायला घेतली की कोड वाचणंच थांबतं, आणि १२८ केबीचा मोठा सेक्टर पुसायला सेकंदाच्या आसपास लागू शकतं. इंजिन चालू असताना 'बर्न' (मॅप सेव्ह करायचं बटण) दाबलं तर काय होईल ते सांगायला नको. यावर उपाय तीन: इंजिन बंद असतानाच सेव्ह करू द्यायचं, बाहेर एक छोटी मेमरी चिप (एफरॅम किंवा एसपीआय फ्लॅश) लावायची, किंवा दोन बँकवाली चिप घ्यायची, एफ४२७-४२९ च्या २ एमबीवाल्या किंवा एफ७६७.

बोर्ड म्हणून एसटी कंपनीचाच न्यूक्लिओ घ्या, डोळे झाकून. एसटी-लिंक डीबगर बोर्डवरच असतो, वेगळा घ्यायला नको. न्यूक्लिओ-एफ४४६आरई लहान आहे पण चार सिलिंडरचं पहिलं काम होतं, पिनांची चणचण वाटली तर १४४ पिनवाल्या न्यूक्लिओ एफ७६७ किंवा एच७४३ कडे जा. जी४७४ पण गोड चिप आहे, तीन कॅन एफडी आणि मोटर कंट्रोलसाठी बनवलेले भारी टायमर. ब्लू पिल (एसटीएम३२एफ१०३ चा स्वस्त बोर्ड) मात्र यासाठी नको: ६४ केबी फ्लॅश, २० केबी रॅम, यूएसबी आणि कॅन एकाच मेमरीवर भांडतात म्हणून दोन्ही एकदम वापरता येत नाहीत, आणि वरून बाजारात नकली चिपवाले बोर्ड इतके आहेत की बग तुमचा का चिपचा हेच कळत नाही.

टीन्सी ४.१ हा छोटा बोर्ड आवडणारे लोक भेटतात, ६०० मेगाहर्ट्झ, वेगाला तोड नाही. घ्या हवी तर, पण तिच्या पिना ५ व्होल्ट सहन करत नाहीत आणि गाडीतलं जवळजवळ प्रत्येक सेन्सर ५ व्होल्टचं असतं. जुनी टीन्सी ३.५ सहन करायची. ईएसपी३२ वायफायसाठी ठेवा, त्याचा एडीसी सरळ रेषेत वाचत नाही आणि मॅप सेन्सरला ते परवडत नाही.

आणि कंपन्या काय वापरतात? तिकडे गंमत अशी की दात मोजायला आणि पल्स सोडायला सीपीयूला हातच लावत नाहीत. एनएक्सपीच्या एमपीसी५५०० घराण्यात ईटीपीयू नावाचा वेगळा छोटा प्रोसेसर असतो, इन्फिनिऑनच्या ऑरिक्समध्ये बॉशने डिझाइन केलेलं जीटीएम असतं. क्रँकची स्थिती तेच सांभाळतं, मुख्य कोअर फक्त 'पुढचा स्पार्क २२ डिग्रीला' एवढंच सांगतो. शील्डबडी टीसी२७५ हा ऑरिक्सचा बोर्ड मिळतो, अर्डुइनोच्या आकाराचा, २०० मेगाहर्ट्झचे तीन कोअर. पुढे जाऊन ऑटोमोटिव्हमध्ये नोकरी करायची असेल, पुण्यात तर या चिपवर काम करणारी माणसं पायलीला पन्नास सापडतील, तर हा बोर्ड घ्यायला हरकत नाही. पण मॅन्युअल हजारो पानांचं आहे आणि इंजिन या दिवाळीला चालू व्हावं असं वाटत असेल तर एसटीएमवरच राहा.

चिपचं पुराण इथे थांबवतो, कारण खरे पैसे आणि खरी डोकेदुखी पुढे आहे. इंजिन बे म्हणजे इलेक्ट्रॉनिक्ससाठी नरक आहे.

पॉवर सप्लायपासून सुरू करा. १२ व्होल्टची बॅटरी १२ व्होल्टची कधीच नसते. स्टार्टर मारला की ६-७ पर्यंत खाली, चालू इंजिनला १४, कोणी ट्रकच्या बॅटरीवरून जंप दिला तर २४, आणि आल्टरनेटर चार्ज करत असताना बॅटरीची तार सुटली तर लोड डंप, दाबलेला नसेल तर ८० व्होल्टच्या घरात जाणारा. कोणी घाईत बॅटरी उलटी लावली तर तेही धरा. न्यूक्लिओची व्हीआयएन ही सप्लायची पिन ७ ते १२ व्होल्टची आहे, त्याला गाडीची बॅटरी थेट लावायची नाही, मेगालाही नाही. साधा ७८०५ पण नको, त्याला वर दोनेक व्होल्ट लागतात, म्हणजे थंडीत स्टार्टर मारला, बॅटरी साडेसहावर आली की ५ व्होल्टची लाइन कोसळते, चिप रीसेट होते, गाडी सुरू होत नाही आणि लोक पेट्रोलला दोष देतात. एलएम२९४० सारखा गाडीसाठीच बनवलेला कमी ड्रॉपआउटचा रेग्युलेटर घ्या, तो लोड डंपचे ६० व्होल्टचे झटके सहन करतो आणि उलटी बॅटरीही. त्याच्या आधी व्होल्टेजचा झटका गिळणारा दणकट टीव्हीएस डायोड, एसएमबीच्या आकाराचा चिमुकला नाही तर गाडीसाठीचा मोठा, आणि फ्यूज. इंजेक्टर-कॉइलची ग्राउंड आणि सेन्सरची ग्राउंड वेगळ्या आणून एकाच ठिकाणी जोडा.

इंजेक्टर ड्रायव्हर. मल्टीमीटर लावा. १२ ते १६ ओहम दाखवलं तर हाय इम्पिडन्स, एक अँपिअरच्या आसपास करंट, लो-साइड ड्रायव्हर (ग्राउंडच्या बाजूने चालू-बंद करणारा) पुरतो. २-३ ओहम दाखवलं तर पीक-अँड-होल्ड ड्रायव्हर (आधी जास्त करंट देऊन मग कमी करणारा) लागतो, आणि पहिल्या प्रोजेक्टला त्या वाटेला जाऊ नका, सरळ हाय इम्पिडन्सचे इंजेक्टर घ्या. मॉसफेट (करंट चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर) निवडताना आत क्लॅम्प (जास्तीचं व्होल्टेज दाबणारा भाग) असलेला घ्या, स्पीडुइनोच्या बोर्डवर एसटीपी६२एनएस०४झेड याच कारणासाठी असतो, किंवा व्हीएनएलडी५०९० सारखा स्वतःला वाचवणारा स्मार्ट ड्रायव्हर. इंजेक्टरला नुसता साधा फ्लायबॅक डायोड लावला तर करंट आतल्या आत फिरत राहतो आणि इंजेक्टर उशिरा बंद होतो, आयडलला हा उशीर चांगलाच जाणवतो.

कॉइलसाठी माझं म्हणणं सरळ आहे, आत इग्नायटर असलेली स्मार्ट कॉइल घ्या. ५ व्होल्टचा सिग्नल द्यायचा, संपलं. बाहेरून आयजीबीटी (जास्त व्होल्टेजचा ट्रान्झिस्टर) लावायचा म्हणजे प्रायमरीचे तीन-चारशे व्होल्ट तुमच्या पीसीबीवर आणायचे, कशाला? लावायचाच असेल तर आयएसएल९व्ही३०४० सारखा इग्निशनसाठीचाच घ्या.

यापुढचा शॉर्टकट म्हणजे ऑटोमोटिव्ह इंटिग्रेटेड आयसी. एमसी३३८१० मध्ये चार इंजेक्टर ड्रायव्हर आणि चार इग्निशनचे प्री-ड्रायव्हर एकत्र, टीएलई८८८८ मध्ये तर सप्लाय, व्हीआर (चुंबकीय क्रँक सेन्सर) इनपुट, कॅन ट्रान्सीव्हर (चिप आणि कॅनच्या तारा यांच्यामधली आयसी) पण आहे. एसपीआयवरून शॉर्ट झालाय का, तार तुटलीय का तेही सांगतात. सोल्डरिंगला चिवट आहेत आणि स्टॉकचा भरवसा नाही, म्हणून दुसऱ्या बोर्डसाठी राखून ठेवा.

क्रँक सेन्सर जर व्हीआर असेल, म्हणजे दोन तारांचा, तर लक्षात घ्या की क्रँकिंगला तो एक व्होल्टही देत नाही आणि वरच्या आरपीएमला दहा-वीस-पन्नास देतो. त्याला मॅक्स९९२६ सारखा कंडिशनर लागतो, कम्पॅरेटर आणि दोन रेझिस्टरचा जुगाड हळू आरपीएमला फसतो. आपल्या जिप्सीच्या इंजिनाला चाक तसंही नव्याने पुलीवर बसवायचंय, मग ३६-१ चं चाक आणि हॉल सेन्सर लावा, पुलअप रेझिस्टर टाकला की चौकोनी सिग्नल तयार. फक्त क्रँकच्या सिग्नलवर वेस्टेड स्पार्क (दोन सिलिंडरना एकदम स्पार्क, एक वाया) आणि बॅच इंजेक्शन (इंजेक्टर गटाने एकदम उघडणं) होतं. सिक्वेन्शियल हवं तर कॅमचा एक दात पाहिजे, तो डेल्कोच्या (डिस्ट्रिब्युटरच्या) जागेतून काढता येतो.

एसटीएमच्या काही पिनांवर '५ व्होल्ट टॉलरंट' लिहिलेलं असतं, ते डिजिटल इनपुटपुरतं खरं आहे, अॅनालॉगला नाही. म्हणून प्रत्येक अॅनालॉग सेन्सरला डिव्हायडर, छोटा आरसी फिल्टर आणि क्लॅम्प. वाइडबँड लॅम्डाचा कंट्रोलर मात्र पहिल्यांदा स्वतः बनवू नका, एलएसयू ४.९ या बॉशच्या सेन्सरचा हीटर सांभाळणं हे वेगळंच शास्त्र आहे, तयार कंट्रोलर घ्या आणि कॅनवरून किंवा ०-५ व्होल्टवरून वाचा. डिस्कव्हरी-न्यूक्लिओवर कॅन कंट्रोलर असतो पण ट्रान्सीव्हर नसतो, तेवढी एक छोटी आयसी आणायला विसरू नका. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल तर अजिबात नको, केबल असू दे, त्यातल्या चुकीला ब्रेक दाबूनही कधीकधी उत्तर नसतं.

खरेदीचं म्हणाल तर रेझिस्टर, हेडर, केबल हे बुधवार पेठेत किंवा लॅमिंग्टन रोडला बिनधास्त घ्या. मॉसफेट, रेग्युलेटर, टीव्हीएस मात्र अधिकृत डिस्ट्रिब्युटरकडूनच मागवा, शिपिंग जास्त पडलं तरी, कारण नकली मॉसफेट बेंचवर एलईडी मस्त पेटवतो. आणि कनेक्टर? भंगारात एखादा मेलेला ईसीयू हार्नेसच्या तुकड्यासकट बघा. अॅल्युमिनियमचं घर, वॉटरप्रूफ कनेक्टर, क्रिम्प केलेल्या तारा, सगळं एकदम मिळतं, आतला बोर्ड काढून आपला बसवायचा.

बोर्डइतकेच पैसे बेंचवर घाला. एक अर्डुइनो उनो किंवा नॅनो आणि त्यात आर्डू-स्टिम टाकला की तो क्रँक-कॅमचा खोटा सिग्नल सोडतो, ३६-१, ६०-२, हवा तो पॅटर्न, हवे ते आरपीएम. २४ मेगाहर्ट्झचा आठ चॅनलचा स्वस्तातला लॉजिक अॅनालायझर आणि पल्सव्ह्यू हे सॉफ्टवेअर, यात क्रँकचा दात आणि स्पार्कची कड एकमेकांपासून किती मायक्रोसेकंद लांब आहे ते सरळ दिसतं, आणि खरं सांगतो, दोन बोर्डांमध्ये निवड करायची असेल तर त्याच आरपीएमवर दोघांचा हा फरक किती हलतो ते मोजा, वादच मिटतो. ऑसिलोस्कोप कॉलेजचा चालेल.

दोन गोष्टी मात्र पहिल्या दिवसापासून बोर्डवर असू द्या. प्रत्येक इंजेक्टर-कॉइल ड्रायव्हरच्या गेटला पुलडाउन, कारण रीसेटच्या वेळी चिपच्या पिना तरंगत असतात आणि तेवढ्यात कॉइल चार्ज होत राहते. स्मार्ट कॉइलच्या सिग्नललाही तसंच. दुसरं, डीबगरचा ब्रेकपॉइंट (कोड मध्येच थांबवायची खूण). कोड थांबतो पण चालू असलेलं आउटपुट चालूच राहतं. कॉइल जळेल, नाहीतर इंजेक्टर उघडा राहून सिलिंडर पेट्रोलने भरेल. त्यामुळे डीबगर लावलेला असताना इंजेक्टरच्या जागी एलईडी, कॉइलच्या जागी पण एलईडी, आणि पॉवर स्टेजला वेगळा खटका.

खऱ्या इंजिनावर पहिला क्रँक इंजेक्टरची फ्यूज काढून. स्पार्क १० डिग्रीला फिक्स करा, टायमिंग लाइट लावा, पुलीवरची खूण १० वर स्थिर दिसते का बघा. स्थिर असेल तर फ्यूज लावा आणि इंजिन सुरू झाल्यावर, टायमिंग फिक्सच ठेवून, हळूहळू आरपीएम वाढवत परत बघा. खूण आरपीएमबरोबर सरकायला लागली आणि सेन्सर व्हीआर असेल, तर आधी त्याच्या दोन तारा उलट करून बघा, कोडला हात नंतर लावा.